चाळ, तपासनीस आणि कंत्राटदार : मुंबईच्या भाडेकरूंची सव्वाशें वर्षांची हकीकत

आपल्या देवळाच्या शतसांवत्सरिक महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं मीं कांहीं ऐतिहासिक लिहावें अशी संपादक मंडळानें आज्ञा केली, तेव्हां माझी पहिली धांव पॅरिशच्या नोंदवह्यांकडे गेली. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु अशा तीन वह्या प्रत्येक पॅरिशमध्यें असतात, आणि त्या चाळणाऱ्याचें लक्ष सामान्यतः नांवांकडे व तारखांकडे असतें. माझें लक्ष या खेपेस पत्त्याच्या रकान्याकडे गेलें. जुन्या पानांवर ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ’, ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची चाळ’, ‘गिरणीची चाळ’ असे पत्ते आहेत. त्यानंतरच्या पानांवर तींच कुटुंबें ‘ट्रान्झिट कँप’ या पत्त्याखालीं आढळतात. अलीकडच्या पानांवर कित्येक आडनांवें मुळींच नाहींत, कारण तीं माणसें आतां नालासोपारा-विरारकडील पॅरिशांच्या वह्यांत गेलीं आहेत.

हीं कुटुंबें बहुतेक नगर, जालना, औरंगाबाद या बाजूंकडून गिरणीच्या व म्युनिसिपालिटीच्या कामासाठीं आलेलीं. कांहीं वसईकडचीं, कांहीं सावंतवाडी-गोव्याकडचीं. त्यांनीं मुंबईंत स्वतःचें घर असें क्वचितच बांधलें. तीं दुसऱ्याच्या घरांत भाड्यानें राहिलीं, आणि त्यांतही बरींचशीं सरकारनें किंवा म्युनिसिपालिटीनें बांधलेल्या चाळींत राहिलीं. त्या चाळींच्या भिंती कोणीं तपासल्या, कोणत्या कायद्यानें तपासल्या, दुरुस्तीचें कंत्राट कोणास मिळालें आणि भाडेकरूच्या पदरांत त्यांतून काय पडलें, ही हकीकत आपल्या पॅरिशच्या इतिहासाचाच भाग आहे असें मला वाटतें. घंटा, वेदी व पूर्वीचे धर्मगुरु यांचें वर्णन दुसरे लेखक माझ्यापेक्षां चांगलें करतील. वाचकांनीं या पाद्र्यास चुना-सिमेंटाविषयीं बोलूं द्यावें.

मुंबईंत गरिबाच्या खोलींत सरकारी तपासनीस शिरण्याची खरी सुरुवात प्लेगानें झाली. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत रोगी तपासतांना डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं हा ग्रंथिक सन्निपात असल्याचें ओळखलें. डॉ. व्हिएगस हे गोव्यांतील हडफडें गांवचे व आपल्याच धर्माचे. पुढें १९०६ सालीं ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, व त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमाच्या समोर उभा आहे. त्याखालून जाणाऱ्या आपल्या तरुणांपैकीं किती जण मान वर करून पाहतात, हें मी विचारीत नाहीं. रोग ओळखला गेला तरी तो पसरतो कसा, हें त्या वेळीं कोणासच कळलें नव्हतें. घाण, दमट हवा व अंधार हेंच त्याचें मूळ, अशी समजूत होती. म्हणून सारा जोर घरांवर आला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चमध्यें ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली गेली, आणि डॉक्टर, शिपाई व मजूर यांच्या टोळ्या घरोघर शोध घेऊं लागल्या. भिंतींना चुना, गटारांत कार्बोलिक, उजेड यावा म्हणून छपराचीं कौलें काढलेलीं, चटया व अंथरुणें जाळलेलीं, आजाऱ्यास इस्पितळांत व त्याच्या माणसांस छावणींत नेलेलें, असा तो क्रम होता. जें घर राहण्यास अयोग्य ठरे त्याच्या भिंतीवर ‘यू. एच. एच.’ हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगवीत. त्या अक्षरांचा अर्थ ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असा होता. परंतु ज्यांच्या दारावर तीं रंगविलीं जात त्यांपैकीं बहुतेकांस वाचतां येत नसे. आपणांस जावें लागणार, एवढें मात्र त्यांस समजे.

लोकांनीं याचा प्रतिकारही केला. १८९६ च्या ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, आणि ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांत विणकऱ्यांच्या घरीं शोध घ्यावयास गेलेल्या टोळीवरून मोठा दंगा उसळला. सक्तीची तपासणी ज्या पद्धतीनें झाली तिचें फळ हें असें आलें. दैवाची गोष्ट अशी कीं, त्याच १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सीमों या फ्रेंच डॉक्टरानें हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसांस होतो असें दाखवून दिलें. म्हणजे ज्या भिंती धुतल्या व जे बिछाने जाळले ते बरेचसे निरपराधी होते. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांनीं त्या काळांत वांद्रें, माझगांव वगैरे गांवठाणांत प्लेगनिवारणार्थ उभारलेले क्रूस आजही आहेत. देऊळ दूर असलें अथवा जमाव करण्याचें भय वाटलें, म्हणजे लोक या क्रूसापाशींच जमून प्रार्थना करीत. तपासनिसाच्या पायांचा आवाज ऐकून घाबरलेल्या माणसांचें तें स्थान होतें, हें त्यांच्याजवळून जातांना आठवावें.

प्लेगाच्या पाठोपाठ १८९८ च्या कायद्यानें ‘बाँबे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्यानें दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले व दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्यांची आंखणी केली. आणि निघालेल्या गरिबांसाठीं आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी, परळ वगैरे ठिकाणीं चाळी बांधल्या. त्यांसच आपण बी. आय. टी. चाळी म्हणतों. परळच्या अशाच एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. या चाळी पूर्वीच्या खोल्यांपेक्षां निःसंशय चांगल्या होत्या. परंतु पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टनें जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहींत, आणि निघालेला मनुष्य व नव्या चाळींत आलेला मनुष्य हे बहुधा निरनिराळे असत. सुधारणेच्या नांवाखालीं घर सुटणें व नव्या घराचा लाभ दुसऱ्यास होणें, हा अनुभव मुंबईच्या भाडेकरूस तेव्हांपासूनचा आहे. १९३३ सालीं हा ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला व चाळी तिच्याकडे आल्या.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलें. कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा बेत होता. त्यासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षांत १९२१ ते १९२५ च्या सुमारास वरळी येथें १२१, नायगांव येथें ४२, डिलाईल रोडला ३२ व शिवडीस १२, अशा एकंदर २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सारें बांधकाम सिमेंट-काँक्रीटाचें व त्यांत लोखंडी सळ्या. त्या काळीं ही नवलाईची वस्तु होती, आणि लोक यांस सिमेंटच्या चाळी म्हणत. खोलींत मोरी नव्हती. भांडीं घासावयास, लुगडें धुवावयास व अंग धुवावयास बाईमाणसानें मजल्याच्या टोकास जावें, असें ज्यांनीं कागदावर आंखलें त्यांच्या घरीं स्वतः पाणी भरणारें कोणी नसावें. आरंभीं कित्येक वर्षें पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या व भाडें उतरवावें लागलें. भाडेकरूचें मत घेतल्यावांचून त्याच्यासाठीं घर बांधण्याचा परिणाम सरकारास असा लवकर दिसला. परंतु पुढें घरांची टंचाई इतकी वाढली कीं, तक्रार करणाऱ्याची जागा घेण्यास दहा जण दारांत उभे राहूं लागले, आणि ती शिकवण सर्वजण विसरले.

यानंतरचा काळ मी थोडक्यांत सांगतों. युद्धाच्या काळांत भाड्यांवर नियंत्रण आलें आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें तीं १९४० च्या सप्टेंबरांतील पातळीवर बांधलीं गेलीं. यामुळें गरीब माणसाचें छप्पर टिकलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु खाजगी चाळींच्या मालकांनीं दुरुस्तीवर खर्च करणें बंद केलें, तेंही तितकेंच खरें. मालकास भाडें परवडत नाहीं व भाडेकरूस दुरुस्ती परवडत नाहीं, अशा स्थितींत लांकडाच्या तुळया वाळवीनें व पाण्यानें कुजत राहिल्या. पावसाळ्यांत घरें पडूं लागलीं. सरकारनें १९६८ सालीं बेडेकर समिति नेमली, १९६९ सालीं कायदा झाला आणि १९७१ सालीं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ सुरू झालें. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्या पैशांतून मंडळानें दुरुस्ती करावी, अशी योजना होती. उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या, व त्यांपैकीं १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या म्हणजे ‘अ’ वर्गांतील. पुढें १९७७ सालीं म्हाडाची स्थापना झाली व हें मंडळ तिचें अंग झालें.

येथपासून भाडेकरू, तपासनीस व कंत्राटदार या तिघांचा नित्याचा संबंध सुरू होतो. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं मंडळाचे अभियंते इमारती पाहतात व अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते; २०२५ सालच्या यादींत ९६ इमारती होत्या. महानगरपालिका तिच्या १८८८ च्या कायद्याच्या कलम ३५४ खालीं मोडकळीस आलेल्या इमारतीस नोटीस देते. शिवाय तीस वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी असें कलम ३५३-ब सांगतें. इमारतीचे वर्गही ठरलेले आहेत : ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब खाली करून पाडावयाची, ‘सी-२’ म्हणजे मोठ्या दुरुस्तीची, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपल्या चाळींतील आयाबायांस धर्मोपदेशाचीं उत्तरें विसरलीं असतील, पण सी-वन व सी-टू यांतील भेद त्या झोपेंतही सांगतील.

तपासणी म्हणजे काय होतें, हें मीं स्वतः पाहिलें आहे, म्हणून सांगतों. अभियंता हातोडीनें खांबावर ठोकून आवाज ऐकतो. भरीव आवाज चांगला, पोकळ आवाज वाईट. एका यंत्रानें काँक्रीटाचा कठीणपणा मोजतात, दुसऱ्या यंत्रानें त्यांतून ध्वनीच्या लहरी पाठवून आंतील पोकळी ओळखतात, आणि कोठें कोठें नळीसारखें भोंक पाडून काँक्रीटाचा तुकडा काढून प्रयोगशाळेंत नेतात. सर्वांत मनोरंजक परीक्षा रंगाची आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटावर फिनॉल्फ्थेलीन नांवाचें औषध शिंपडतात. काँक्रीटाचा मूळचा क्षारगुण शाबूत असेल तर तें गर्द गुलाबी होतें. हवेनें तो गुण गेला असेल तर रंग चढत नाहीं, आणि समजावें कीं आंतील लोखंडास आतां रक्षण उरलेलें नाहीं. गंजलेलें लोखंड मूळ लोखंडाहून कित्येक पट जागा व्यापतें, तें फुगून वरचें काँक्रीट फोडतें, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेंत हें काम अधिक वेगानें होतें. वरळीच्या चाळींचें आयुष्य असेंच आंतून संपत गेलें. म्हणून मी कोणासही सांगतों कीं, तपासणी थट्टेची वस्तु नव्हे. भिंत खरोखरच खोटें बोलते, आणि ती उघडून पाहणारा कोणीतरी लागतो.

मग भाडेकरू दार कां लावून घेतो? याचें उत्तर मला एका वृद्ध विधवेनें दिलें. पास्काच्या काळांत मी घरें आशीर्वादित करीत फिरत होतों. तिच्या खोलींत येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर जेथें टांगलेली असावी तेथें नसून बाजूच्या खांबावर वेडीवांकडी टांगलेली होती. मीं कारण विचारलें. तिनें तसबीर उचलली. मागें बोटभर रुंद भेग होती व तांबूस गंज खालपर्यंत उतरला होता. ती म्हणाली, “फादर, ती भेग रोज बघवत नाही, म्हणून त्यालाच तिथं उभं केलंय.” नंतर तिनें पत्र्याच्या ट्रंकेंतून भाड्याच्या पावत्यांचें पुडकें, लग्नाचा दाखला व एक नोटीस काढली आणि ती वाचून दाखविण्यास सांगितलें. इमारत राहण्यास असुरक्षित आहे, रहिवाशांनीं ती सात दिवसांत खाली करावी, न केल्यास होणाऱ्या जीवितहानीस ते स्वतः जबाबदार राहतील, असा मजकूर होता. मीं वाचून संपविल्यावर ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. “खाली करून जायचं कुठं, ते यात कुठं लिहिलंय?” असें तिनें विचारलें. मीं नोटीस पुन्हां वरपासून खालपर्यंत वाचली. तें कोठेंच लिहिलें नव्हतें.

त्या इमारतीची दुरुस्ती दोन पावसाळ्यांपूर्वींच झालेली होती, ही गोष्टही मला तेव्हां कळली. बांबूची परांची बांधली गेली, टेकू लागले, मजूर आले, गिलावा झाला, रंग झाला. त्या मजल्यावर राहणारा एक निवृत्त गवंडी रोज परांचीखालीं उभा राहून पाहत असे. त्यानें मुकादमास म्हटलें कीं, सळ्या तारेच्या ब्रशानें घांसून त्यांवर गंजरोधक लावल्याशिवाय वर सिमेंट चढवूं नका, नाहींतर तें टिकणार नाहीं. मुकादमानें उत्तर दिलें, “बाबा, तें अंदाजपत्रकांत नाहीं.” अंदाजपत्रक रहिवाशांपैकीं कोणींही पाहिलें नव्हतें. दुसऱ्या पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून पडला. कंत्राटदाराचें बिल तोंपर्यंत चुकतें झालें होतें. कंत्राटदार सगळेच असे असतात असें मी म्हणणार नाहीं. चुन्याचें काम जिवापाड करणारे जुने कंत्राटदारही मीं पाहिले आहेत. पण ज्याच्या डोक्यावर छत पडावयाचें त्यास कामाचें अंदाजपत्रक पाहण्याचा व काम पुरें झालें असें सांगण्याचा अधिकार नसेल, तर चांगला कंत्राटदार व वाईट कंत्राटदार यांतील फरक फक्त देवास कळणार.

दुसरें कारण अधिक नाजूक आहे. खाजगी इमारतींत मालक एका अभियंत्याकडून अहवाल आणतो कीं इमारत पाडलीच पाहिजे. भाडेकरू वर्गणी काढून दुसऱ्या अभियंत्याकडून अहवाल आणतात कीं दुरुस्ती होऊं शकते. मग तें प्रकरण महानगरपालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातें. एकाच खांबाविषयीं दोन शिकलेले गृहस्थ दोन परस्परविरुद्ध सह्या करतात, हें पाहिल्यावर अशिक्षित मनुष्यानें कोणत्या सहीवर विश्वास ठेवून आपला बाडबिस्तारा उचलावा?

बाडबिस्तारा उचलणारा जातो संक्रमण शिबिरांत. तेथें दोन-तीन वर्षें राहावें व इमारत नवी झाली कीं परत यावें, अशी मूळ कल्पना. परंतु तेथेंच जन्मलेल्यांचीं लग्नें तेथेंच झालेलीं मीं लावलीं आहेत. शीवजवळ अशा एका मोठ्या वसाहतीचें नांव प्रतीक्षानगर आहे. हें नांव कोणीं ठेवलें मला ठाऊक नाहीं. त्याला भविष्य कळत असलें पाहिजे. गोरेगांवच्या सिद्धार्थनगरांत, ज्यास लोक पत्राचाळ म्हणतात, म्हाडाच्या वसाहतींतील ६७२ कुटुंबांनीं २००८ च्या करारानें घरें मोकळीं करून दिलीं. विकासकानें विक्रीचा भाग दुसऱ्यांस विकून टाकला, कुटुंबांस द्यावयाचें भाडें थांबलें, आणि अखेर २०१८ सालीं करार रद्द करून म्हाडास काम हातीं घ्यावें लागलें. कागदोपत्रीं प्रत्येक सही जागच्या जागीं होती. त्या कुटुंबांतील म्हातारीं माणसें मात्र वाट पाहतां पाहतां गेलीं.

आणि जो बाडबिस्तारा उचलीत नाहीं त्याचें काय होतें, तेंही सांगणें प्राप्त आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजीं पहाटे माझगांवला डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली व ६१ माणसें मेलीं. १९३० सालीं परदेशी कापडाच्या मोटारीपुढें आडवा होऊन प्राण देणाऱ्या गिरणीकामगाराचें नांव तिला दिलेलें होतें. ही इमारत कोणा कंजूष मालकाची नव्हती. ती महानगरपालिकेचीच होती, व तिच्यांत पालिकेचेच नोकर राहत होते. दुरुस्तीस पात्र म्हणून ती पालिकेच्या यादींत होती. तळमजल्याची जागा भाड्यानें दिलेली होती व तेथें पोटमाळ्याचें काम करून मूळ बांधकामांत फेरफार झाल्याचें पुढें आलें. घरमालक पालिका, तपासनीस पालिका, नोटीस देणारी पालिका, आणि खालीं भिंतीस हात लागला तेव्हां पाहणारा कोणी नाहीं. चार वर्षांनीं, २५ जुलै २०१७ रोजीं, घाटकोपरची साईदर्शन इमारत तळमजल्यावरील अशाच फेरफाराच्या वेळीं पडली व १७ माणसें गेलीं. जुन्या भिंतीपेक्षां अलीकडे तोडलेली भिंत अधिक घातक ठरते, हें आपल्यापैकीं ज्यांनीं खोली मोठी करण्यासाठीं मधला खांब ‘थोडासा’ तासून घेतला आहे त्यांनीं मनांत आणावें. मी नांवें घेत नाहीं. त्यांस ठाऊक आहे.

भाडेकरूच्या भीतीचें मूळ एकच : घर सोडलें कीं हक्क गेला. हें मात्र कायद्यानें खरें नाहीं, व हें मीं व्यासपीठावरूनही सांगितलें आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाहीं, कारण भाडेपट्टा जमिनीसही लागू असतो. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें, इमारत पाडण्यापूर्वीं प्रत्येक भाडेकरूच्या जागेचें माप घेऊन नोंद ठेवावी लागते. तें माप घेतांना हजर राहावें, त्याची सहीशिक्क्याची प्रत मागून घ्यावी, व ती बाप्तिस्म्याच्या दाखल्याइतकीच जपावी. आपल्या पॅरिशमधील तीन कुटुंबांस त्यांचें जुनें वास्तव्य सिद्ध करण्यासाठीं मीं नोंदवहींतील उतारे दिले, कारण पन्नास वर्षांपूर्वींच्या एका धर्मगुरुनें बाळाच्या नांवापुढें चाळीचा व खोलीचा क्रमांक नीट लिहून ठेवला होता. दोन अधिकाऱ्यांनीं तो उतारा पुराव्यास जोडून घेतला. तिसऱ्यानें तो परत केला.

अलीकडे आणखी एक तपासणी आली आहे, ती आगीची. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा असून तो २००८ च्या डिसेंबरांत अंमलांत आला. त्याप्रमाणें इमारतींतील अग्निशमनाची व्यवस्था चालू स्थितींत आहे असें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, द्यावें लागतें. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या उंच इमारतींत गेलेल्या आपल्या बांधवांस हा खर्च नवा आहे, आणि प्रमाणपत्र विकत घेऊन यंत्रणा बंदच ठेवण्याचा मोह सर्वत्र आहे. ६ ऑक्टोबर २०२३ रोजीं गोरेगांवच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतींत पहाटे तीनच्या सुमारास वाहनतळावर आग लागली, धूर जिन्यानें वर चढला व माणसें प्राणांस मुकलीं. माझी एक साधी सूचना आहे. प्रमाणपत्र देणारा येईल तेव्हां समितीच्या दोघांनीं त्याच्याबरोबर गच्चीवर जावें, त्याच्यासमक्ष पंप चालू करावयास लावावा, आणि नळींतून पाणी आलेलें डोळ्यांनीं पाहिल्यावरच सही करावी. आपल्या एका इमारतींत बायकांनीं हें केलें, तेव्हां नळींतून पाणी न येतां झुरळें आलीं. त्या दिवशीं सही झाली नाहीं, व पुढच्या आठवड्यांत पंप दुरुस्त झाला.

वरळीच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळींचें पुनर्वसन २०१६ सालीं म्हाडाकडे सोंपविलें गेलें, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजीं पहिल्या ५५६ भाडेकरूंस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागीं ५०० चौरस फूट, सामाईक संडासाच्या जागीं स्वतःचा, आणि चार मजल्यांच्या जागीं चाळीस. उद्वाहन, पंप, धूर ओळखणारीं यंत्रें, पाण्याच्या टाक्या हें सर्व आतां त्या कुटुंबांस तपासून घ्यावयाचें आहे, व त्याचीं कंत्राटें वांटावयाचीं आहेत. त्यांपैकीं एका घरांत माझ्या पूर्वीच्या पॅरिशमधील एक गृहस्थ राहावयास गेले. मी घर आशीर्वादित करण्यास गेलों तेव्हां त्यांनीं मला प्रथम देवघर न दाखवितां बाहेरच्या व्हरांड्यांतील लाल पेटी दाखविली. तिला कुलूप होतें. किल्ली कोणाकडे असते, असें मीं विचारलें. तेंच तीन दिवस विचारीत फिरतों आहें, असें ते म्हणाले. घर आशीर्वादित झाल्यावर आम्ही दोघे उद्वाहनानें खालीं उतरलों व किल्लीचा शोध करण्यासाठीं पहारेकऱ्याच्या खोलीकडे गेलों.